१६,००० बीटीयूचा मरीन एसी: मशीन चांगलं, परीक्षा नळीची

मे महिन्याच्या दुपारी भरूचच्या खाडीत नांगरलेल्या फायबरच्या बोटीत केबिनचं दार उघडलं की भट्टीसारखी हवा तोंडावर येते. मग बडोद्याकडच्या बोटमालकापुढे एकच प्रश्न उरतो: घरातला दीड टनी स्प्लिट छतावर चढवायचा, की बोटीसाठीच बनवलेला मरीन एसी मागवायचा? इथे परीक्षण दुसऱ्याचं आहे. बोट ९ ते १० मीटरची, खाली झोपायची केबिन, वर काचांची बैठक. एसी १६,००० बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या ताकदीचं माप, तासाला १२,००० म्हणजे एक टन), २३० व्होल्टचा, सगळे भाग एकाच पाटावर बसवलेला सेल्फ-कन्टेन्ड प्रकार. डोमेटिक, वेबास्टो अशा कंपन्या हा प्रकार बनवतात. आतली रचना इतकी सारखी असते की खाली लिहिलेलं बहुतेक सगळ्यांना लागू पडतं.

निकाल आधीच सांगतो. मशीन पैशाला जागतं. तक्रारी येतात त्या मशीनला पाणी पोचवणाऱ्या नळीतून, आणि ती नळी कंपनी बसवत नाही, तुमचा माणूस बसवतो. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्या नळीवरच खर्च होणार आहे.

घरच्या एसीत गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत फेकली जाते. इथे ती पाण्यात जाते. कंप्रेसरशेजारी क्युप्रो-निकेलची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) गुंडाळलेली दुहेरी नळी, म्हणजे कॉइल, असते. आतल्या नळीतून खाडीचं पाणी, भोवतीच्या पोकळीतून गॅस. बाहेर हवा ४२ अंश असते तेव्हा पाणी ३० अंशांच्या आसपास असतं, आणि हा बारा अंशांचा फरक म्हणजेच या मशीनची कमाई. कंप्रेसरवरचा दाब कमी राहतो, वीज कमी लागते आणि भर दुपारीही थंडावा तुटत नाही. वजन साधारण ३० किलो, म्हणजे बाकाखाली किंवा कपाटात मावणारं. गॅस आर-४१०ए, कारखान्यातच तोलून भरलेला.

स्प्लिटच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: त्याचा मेकॅनिक रावपुऱ्यातही मिळतो आणि वाघोडिया रोडलाही. पण खाडीच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटच्या अॅल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून झडायला लागतात, आणि लाटांच्या धक्क्यांनी तांब्याच्या नळीचे फ्लेअर जोड सैल होऊन गॅस निघून जातो. आजच्या बहुतेक घरगुती एसीत आर-३२ असतो, तो थोडा ज्वलनशील आहे. बंद केबिनमध्ये तो गळणं बरं नव्हे. बोट कायम गोड्या पाण्यात, धक्क्याला बांधून राहणार असेल आणि छत सपाट असेल, तर स्प्लिट चालेल. खाऱ्या पाण्यात धावणाऱ्या बोटीवर आम्ही तो सुचवणार नाही. खिडकीतून नळी बाहेर काढायचा चाकांवरचा पोर्टेबल एसी तर सोडूनच द्या. तो केबिनमधलीच थंड हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतो.

१६,००० हा आकडा कुठून आला? डेकखालच्या केबिनला दर चौरस फुटाला ६० बीटीयू आणि वर काचांच्या बैठकीला १२० बीटीयू असा धंद्यातला जुना हिशेब आहे. केबिन ७८ चौरस फूट असेल तर ४,६८०, बैठक ९६ चौरस फूट असेल तर ११,५२०, मिळून १६,२००. आपल्या उन्हात हे आकडे खाली आणू नका, पण वरही नेऊ नका. '२४,००० चा घ्या, लवकर गार होईल' हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. मोठं मशीन पाच मिनिटांत तापमान गाठून बंद पडतं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. खाडीत केबिन गार पण चिकट राहते, गाद्यांना वास येतो. त्या जादा पैशात काचांना बाहेरून लावायची पांढरी कापडी आच्छादनं शिवून घ्या. उष्णता काचेच्या आत आली की आतल्या पडद्याचा फारसा उपयोग नसतो.

आता पाण्याकडे. रांग अशी: तळातलं छिद्र, त्यावर सीकॉक (पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह), मग गाळणी, मग पंप, मग एसीची कॉइल, आणि शेवटी बोटीच्या कुशीतून बाहेर. छिद्रापासून कॉइलपर्यंत नळी एकसारखी वर चढत गेली पाहिजे. कुठेही उतरून पुन्हा चढली, की त्या उंचवट्यावर हवा अडकते आणि पंप फिरत असूनही पाणी सरकत नाही. हा पंप सेंट्रिफ्युगल, चुंबकाने फिरणारा असतो. तो स्वतः पाणी ओढून घेत नाही. म्हणून पाण्याच्या रेषेच्या किमान ३० सेंटिमीटर खाली बसवायचा, आणि गाळणी त्याच्याही खाली. आपल्याकडे गाळणी डोळ्यांसमोर, हाताला येईल अशी भिंतीवर वर लावतात. साफ करायला ती सोयीची होते आणि एसी बंद पाडायलाही. कॉइलमध्ये पाणी खालच्या तोंडातून घाला, वरच्या तोंडातून काढा.

तळातलं छिद्र एसीचं स्वतःचं हवं. इंजिनच्या पाण्यातून फाटा काढला तर इंजिन जोरात चालताना ते एसीचं पाणी ओढून घेतं. छिद्रावर पुढच्या बाजूला तोंड असलेलं स्कूप (पाणी आत घेणारी टोपी) लावा, म्हणजे बोट धावताना पाणी आत ढकललं जातं. मागे तोंड केलेलं स्कूप उलट शोषण करतं: धक्क्याला एसी चालतो आणि बोट निघाली की बंद पडतो. बोट धावतानाच एसी पडत असेल तर सगळ्यात आधी स्कूपचं तोंड बघा.

सामान घेताना कंजूषपणा करायची ही जागा नाही. सीकॉक ब्राँझचा किंवा बोटीसाठीच बनलेल्या प्रबलित प्लास्टिकचा. नळाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसाच असतो, पण खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरलेला धातू बिस्किटासारखा ठिसूळ होतो. त्याच्याखाली बोट बुडवू शकणारं छिद्र आहे हे विसरू नका. नळी १६ मिलिमीटर आतल्या व्यासाची, तारेची गुंडाळी असलेली. बागेची नळी उन्हात मऊ पडून शोषणाच्या बाजूला चपटी होते. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक जोडाला दोन क्लिपा, ३१६ स्टेनलेसच्या. मकरपुरा जीआयडीसीच्या आसपास क्लिपा घेताना खिशात लोहचुंबक ठेवा: पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असा माल सर्रास मिळतो, आणि आधी गंजतो तो स्क्रू.

पाणी किती लागतं? टनाला मिनिटाला ११ ते १२ लिटर, म्हणजे या मशीनला १५. ते मोजायला मीटर नको. बाहेर पडणाऱ्या धारेखाली १० लिटरची बादली धरा: ४० सेकंदांत भरली पाहिजे. मिनिटाहून जास्त लागलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. प्रवाह नीट असेल तर बाहेरचं पाणी आत घेतलेल्या पाण्यापेक्षा सहाएक अंशांनी गरम असतं. फरक दहाच्या वर गेला तर पाणी कमी पडतंय. धारेचं तोंड पाण्याच्या रेषेपासून ५ सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे धार दिसते आणि रात्री आवाजाने झोपमोड होत नाही. सकाळी इंजिन तपासताना ही धार बघायची सवय एखाद्या महागड्या अलार्मपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

पाणी कमी पडलं की कंप्रेसरवरचा दाब चढतो आणि सुरक्षा स्विच मशीन बंद करतो. पॅनेलवर उच्च दाबाचा संकेत येतो. हा बिघाड नाही, मशीनने केलेलं स्वतःचं रक्षण आहे. पण नेमकं इथेच घरगुती एसीचा मेकॅनिक येतो, गेज (दाबमापक) लावतो आणि म्हणतो 'गॅस कमी आहे'. मुळात गॅस कमी असता तर दाब चढला नसता. गॅसचं वजन पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणे दाब बदलतो, त्यामुळे स्प्लिटचे पाठ असलेले आकडे इथे कामाचे नाहीत. प्रत्येक वेळी गेज लावताना थोडा गॅस जातो तो वेगळाच. बादलीची चाचणी होईपर्यंत कोणालाही गेज लावू देऊ नका.

आपल्या भागाच्या दोन खास अडचणी परदेशी पुस्तिकेत सापडत नाहीत.

पहिली भरती-ओहोटीची. खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. भरूचच्या खाली ओहोटीला बोट गाळात बसली की एसीच्या छिद्राखाली पाणीच उरत नाही. पंप कोरडा फिरतो, आणि त्याचं वंगण म्हणजे पाणीच असल्याने आतली बुशिंग तापून खराब होते. एसी तर दाबाच्या स्विचवर बंद पडतो, पण काही मशीनमध्ये पंप फिरतच राहतो, आणि थोड्या वेळाने कंप्रेसर पुन्हा सुरू व्हायचा प्रयत्न करतो. भरतीचं वेळापत्रक पाहून ओहोटीच्या आधी थेट ब्रेकर पाडा. रिमोटवरून बंद करणं पुरेसं नाही. रात्रभर एसी हवा असेल तर पाणी कधीच कमी होणार नाही अशा खोल जागी नांगर टाकावा लागेल, याला पर्याय नाही.

दुसरी गाळाची. त्याचा अंदाज द्यायला एक उदाहरण पुरे: घोघा-दहेज रो-रो (गाड्यांसकट नेणारी फेरीबोट) २०१७ मध्ये सुरू झाली, पण दहेजच्या बाजूला गाळ साचून जहाजाला पुरेशी खोली राहिली नाही, आणि २०२० मध्ये घोघ्याची फेरी हजिऱ्याकडे न्यावी लागली. हा गाळ ०.०६ मिलिमीटरपेक्षा बारीक असतो. तुमच्या गाळणीच्या जाळीतून तो आरामात जातो, आणि त्याला अडवायला बारीक जाळी लावली तर ती तासाभरात तुंबते. अडवू नका, वाहून जाऊ द्या. पाणी वेगात असेपर्यंत गाळ कॉइलमध्ये टिकत नाही. तो बसतो मशीन बंद झाल्यावर. म्हणून सीकॉक आणि गाळणीच्या मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि व्हॉल्व्ह टाका. परत आल्यावर सीकॉक बंद करायचा, टीला गोड्या पाण्याची नळी लावायची आणि नळाचंच पाणी पाच मिनिटं कॉइलमधून जाऊ द्यायचं. या एका टीमुळे कॉइलचं आयुष्य वाढतं, आणि बसवणारे नेमकी तीच विसरतात. मशीन घेताना आधी तिचीच चौकशी करा.

नर्मदेत वर चांदोद-गरुडेश्वराकडे गाळ कमी आणि निर्माल्य जास्त. झेंडूच्या माळा, नारळाची शेंडी, ओटीचं कापड, प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी स्कूपला चिकटली तर गाळणी स्वच्छ दिसते आणि तरी धार बारीक होते. अशा वेळी पंप बंद करून दोन मिनिटं थांबा. शोषण थांबलं की पिशवी बहुधा आपणच सुटते. घाटाजवळ एसी चालवायचाच असेल तर गाळणी दर दोन-तीन तासांनी उघडावी.

वर्षातून एकदा कॉइल आतून धुवावी लागते. १० लिटर पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्त्व विरघळवा, पंपाने ते तासभर कॉइलमधून फिरवत ठेवा आणि मग गोड्या पाण्याने भरपूर धुवा. कंप्रेसर यावेळी बंद. संडास धुण्याचं अॅसिड वापरू नका; ते खडूसारखा थर काढतं तसं धातूही खातं.

हवेच्या नळ्यांबद्दल थोडक्यात. १६,००० बीटीयूला १८ सेंटिमीटर व्यासाची मुख्य नळी लागते आणि परतीच्या जाळीचं क्षेत्र १,००० चौरस सेंटिमीटर तरी हवं. दिसायला छान म्हणून छोटी जाळी बसवली की हवा कमी पडून केबिनची हवा थंड करणाऱ्या दुसऱ्या कॉइलवर बर्फ धरतो. थंड हवा वरून सोडा, परत खालून घ्या, आणि थंड झोत परतीच्या जाळीवर पडू देऊ नका. दहा मिनिटं चालल्यावर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ८ ते ११ अंशांचा फरक मिळाला तर मशीन ठीक आहे.

हवेतल्या दमटपणाचं पाटाखाली साठणारं पाणी हा वरवर क्षुल्लक, पण जीवघेणा विषय आहे. खाडीच्या दमट रात्री बादलीभर पाणी सहज निघतं. त्याची नळी सरळ बिल्जमध्ये (बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीत), इंजिनजवळ सोडली तर नळी कोरडी असताना त्याच वाटेने इंजिनचा किंवा जनरेटरचा धूर एसीच्या पाटापर्यंत चढतो, आणि पंखा तो केबिनभर पसरवतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी वेगळ्या बंद डब्यात सोडा आणि डब्याला छोटा पंप लावा. मशीन इंजिनच्या खोलीत बसवायचं नाही, परतीची हवाही तिथून घ्यायची नाही, आणि झोपायच्या केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. डेकवर पेट्रोलचा हातजनरेटर ठेवून रात्री एसी चालवणं तर कदापि करू नका.

विजेचा हिशेब सोपा आहे. चालताना कंप्रेसर सुमारे १.४ किलोवॅट, पंप १०० वॅट, बॅटरीचा चार्जर धरून १.९ किलोवॅट. पण सुरू होताना क्षणभर ३५ अँपिअरपर्यंत उसळी येते, आणि ४ केव्हीएचा जनरेटर तिथे दम टाकतो. सॉफ्ट स्टार्टर लावला की ती उसळी निम्म्याहून खाली येते, तो लावाच. डिझेल तासाला साधारण १ लिटर धरा. पंपाची वीज एसीच्या पेटीतूनच घ्या, म्हणजे कंप्रेसर सुरू होताना पंपही आपोआप सुरू होईल.

धक्क्यावरून वीज घेताना केबल जाड हवी. २.५ चौरस मिलिमीटरच्या ५० मीटर केबलमध्ये त्या उसळीला २६ व्होल्ट गळतात. टोकाला आधीच २१० असतील तर मोटर कण्हत राहते. ४ चौरस मिलिमीटरमध्ये हेच १६ वर येतं. आतली तार कलई केलेली, जोड क्रिंप केलेले. नुसती तांब्याची तार पिळून टेप गुंडाळणं हे घरातलं काम, बोटीतलं नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग यांवर तडजोड नको, आणि नर्मदेच्या गोड्या पाण्यात तर अजिबातच नको. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वीजवाहक असतं, त्यामुळे गळती शरीराला बऱ्याच अंशी वळसा घालून जाते. गोड्या पाण्यात उलट होतं: गळकी वीज पोहणाऱ्याच्या शरीरातून वाट काढते, स्नायू आखडतात आणि माणूस हाक न मारता बुडतो. बोट धक्क्याच्या विजेवर असताना तिच्याभोवती पोरांना पोहायला सोडू नका.

बॅटरीवर चालेल का, हे सगळेच विचारतात. चालेल, पण मोजून. २५.६ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत ५.१ युनिट असतात, त्यातले ४.१ वापरायचे. एसी आणि पंपाचे दीड किलोवॅट, वर इन्व्हर्टरची तूट. सलग अडीच तास. रात्री कंप्रेसर अर्धा वेळच चालला तर पाच. घरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांचा विचार सोडा: वजन प्रचंड, निम्मीच क्षमता वापरता येते, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडतात.

किंमत विचारताना फसू नका. दुकानदार सांगतो ती पाटावरच्या मशीनची. पंप, गाळणी, सीकॉक, स्कूप, नळ्या, जाळ्या, सॉफ्ट स्टार्टर, ब्रेकर आणि बोट पाण्याबाहेर काढायचा खर्च वेगळा. लेखी यादी मागा, आणि यादीत स्कूप आणि टी दिसली नाही तर त्या माणसाने आधी बोटीवर एसी बसवलेला नाही असं समजा.

पावसाळ्यात बोट बाहेर काढून बडोद्याला शेडमध्ये आणली की मशीन तपासायची चांगली संधी मिळते. त्यासाठी २०० लिटरचं पिंप पंपापेक्षा उंच चौरंगावर ठेवा, त्यातून पाणी घ्या आणि त्यातच परत सोडा. मशीन पाण्यात सहा किलोवॅट उष्णता ओतत असतं, त्यामुळे २५ अंशांचं पाणी अर्ध्या तासात ४० च्या आसपास जातं. वीस मिनिटं चाचणीला पुरतात. त्यानंतर दाबाचा स्विच पडला तर घाबरू नका, तो पिंपातल्या गरम पाण्यामुळे पडला.

बोटीवर सुटं सामान म्हणून पंपाचा एक जोड, गाळणीची रबरी रिंग, सहा क्लिपा, मीटरभर नळी, १० लिटरची बादली आणि सीकॉकच्या मापाची लाकडी खुंटी ठेवा. खुंटी सीकॉकलाच दोरीने बांधून ठेवा, कारण नळी सुटली तर भोक बुजवायची खुंटी अंधारात शोधायला वेळ मिळत नाही.